आईच्या कोपराची रेघ

घरं दुरुस्त करून दाखवणारा तो कार्यक्रम अजून चालू आहे. महागावच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं बाहेरच्या बाकांसमोर टीव्ही लावलेला आहे आणि रविवारी अकराला कोणीतरी हटकून तोच कार्यक्रम लावतं. मी ड्युटीवर असले की उठून चॅनल बदलते. पेशंटसोबत आलेल्या बाया म्हणतात, असू द्या ना सिस्टर, किती चांगलं दाखवतात. चांगलंच दाखवतात. दाखवण्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

इतक्या वर्षांत त्या कार्यक्रमानं पाच सूत्रसंचालक बदलले. पाचही मला पाठ आहेत, कारण त्यातले तीन आमच्या घरात येऊन गेले. तिघांच्या येण्याजाण्यात आमच्या आईचा एक ओटा अडकला. सैपाकघरातला साधा ओटा. तो इतकी वर्षं अडकला की आठवलं तरी जिवाचा संताप होतो. त्यातला बराचसा संताप माझा माझ्यावरच आहे, कारण पत्र मी लिहिलं होतं.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडं, घर ओळीनं तीन खोल्यांचं. पुढची खोली कापसाची, मधली माणसांची, मागची सैपाकाची. पुढच्या खोलीला आम्ही बैठक म्हणायचो, पण बैठक ती फक्त पावसाळ्यात असायची. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापूसच बसायचा. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, आज चढेल उद्या चढेल म्हणून लोक वेचलेला माल विकायचे नाहीत, घरातच आढ्याला टेकेपर्यंत रचून ठेवायचे. त्याची खाज सगळ्यांच्या अंगाला लागायची. पाव्हणा आला की आधी कापूस बाजूला सारून त्याला जागा करून द्यावी लागे.

सैपाकघराला खिडकी नव्हती. गॅस आला होता, पण शेगडी चुलीशेजारी जमिनीवरच ठेवलेली. आई दिवसभर वाकून कापूस वेचायची आणि घरी आली की खाली बसून सैपाक करायची. गुडघे पार गेले होते. उठताना ती भिंतीला हात टेकायची आणि तिथं तिच्या तळव्याचा तेलकट काळा डाग पडला होता. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, उभं राहून भाकरी करता येईल असा ओटा आणि त्याच्यासमोर एक खिडकी. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. मागच्या गल्लीतला मिस्त्री चार दिवसांत काम करून द्यायला तयार होता. विटा अंगणात येऊन पडल्या होत्या.

पण मी तेव्हा वणीला कॉलेजात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मिस्त्री काय, सिमेंट थापून मोकळा होईल. आमच्या आईला टीव्हीतल्यासारखा ओटा पाहिजे, गुळगुळीत, खाली फळ्या असलेला. तर मी त्या कार्यक्रमाला चार पानी पत्र लिहिलं. बाबा म्हणाले, घर पाहावं बांधून म्हणतात, पत्र पाहावं लिहून असं कोणी म्हणत नाही. आई मात्र खूश झाली. तो कार्यक्रम आणि त्यातला तो माणूस तिचा फार लाडका होता.

हा पहिला सूत्रसंचालक. चाळिशी उलटलेला, चौकटीचा शर्ट, कानावर पेन्सिल. गळका नळ सुतळीनं कसा बांधायचा, ओल आलेल्या भिंतीला काय लावायचं, असलं साधं सांगायचा. कोणाच्याही घरात गेला की आधी चप्पल काढायचा आणि आधी बाईला विचारायचा, तुमची अडचण काय. तो यायच्या आधी आई टीव्हीची काच पदरानं पुसायची. भारनियमन नेमकं अकराला आलं तर दिवसभर घुश्शात असायची. आला तुहा भाऊ, म्हणून बाबा तिला चिडवायचे.

त्या चिडवण्यातही एक काटा होता. आईला सख्खा भाऊ नव्हता, चौघी बहिणीच. आमच्याकडं भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई दरवर्षी तिन्हीसांजेला ताट घेऊन अंगणात उभी राहायची, चंद्राची कोर दिसेपर्यंत. शेजारणी आपापल्या भावांना वाढत असायच्या, आणि आमच्या आईची मान वर असायची. लहानपणी मला त्याची फार लाज वाटे.

पत्राला उत्तर आलं. तुमचं घर निवडलं आहे, आम्ही दिवाळीत येतो, तोवर घरात काही बदल करू नका. मिस्त्रीला थांबवलं. आणि ते आले तेही नेमके भाऊबीजेच्या दिवशी, दोन गाड्या भरून. गावात गाड्या शिरल्या तशी बाया घराबाहेर आल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या, कोणाच्या घरी काय झालं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॅमेरे यायचे ते एकाच कामासाठी यायचे, कोणा शेतकऱ्यानं जीव दिला की. आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा समोरची म्हातारी रडायलाच लागली. बाबा स्वतः बाहेर येऊन उभे राहिले तेव्हा तिला धीर आला.

त्या माणसानं चप्पल काढली. खोटेपणाचा आरोप मी त्याच्यावर कधी करणार नाही, टीव्हीत होता तसाच तो घरातही होता. सरळ मागं सैपाकघरात गेला आणि आईला म्हणाला, ताई, भिंतीला टेकून सरळ उभ्या राहा, पोळी लाटताना हात कसा असतो तसा धरा. आईनं हात वाकवला. त्यानं तिच्या कोपराला बोट लावलं, चार बोटं खाली मोजली आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर आडवी रेघ मारली. ओटा या उंचीचा, म्हणाला. सगळ्यांना एकच उंची चालत नाही. ज्या बाईचा ओटा, तिच्या कोपराचं माप. मग त्यानं रेघेच्या वर खिडकीचा चौकोन आखला आणि घण घेऊन स्वतः चार घाव घातले. बाकीचं भगदाड त्याच्या माणसांनी पाडलं. पहिल्यांदा आमच्या सैपाकघरात ऊन आलं.

जेवणं झाल्यावर आईनं पाट मांडला आणि त्याला म्हणाली की आज भाऊबीज आहे, बसा. तो क्षणभर गोंधळला आणि बसला. तिनं त्याला ओवाळलं. ओवाळणी टाकायला त्यानं खिशात हात घातला, पण तो शर्ट कार्यक्रमाचा होता, खिसे रिकामे. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढून ताटात ठेवली. म्हणाला, "ताई, ही राहू द्या. पंधरा दिवसांनी येतो, ओटा बांधतो आणि मग नीट ओवाळणी देतो."

त्या संध्याकाळी आई अंगणात गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, आता चंद्र कायले पाहिजे. इथंच खरं म्हणजे घोटाळा झाला, पण तेव्हा मला वाटलं, वा, किती छान.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. भगदाडाला ताडपत्री लावली. एका रविवारी कार्यक्रम लागला आणि समोर एक नवीनच बाई. हसत हसत म्हणाली, आजपासून मी तुमच्यासोबत. जुना माणूस कुठं गेला, काही नाही. निरोपाचा एक शब्द नाही. आई म्हणाली, आजारी असंन, पुढच्या रविवारी येईन. मी मुकुटबनला जाऊन बूथवरून फोन लावला. पलीकडून एका मुलीनं सांगितलं की सर कार्यक्रम सोडून गेले, तुमचा विषय नोंदलेला आहे, तोवर जागेत बदल करू नका. तोवर म्हणजे कधीवर, विचारलं तर तिनं फोन ठेवला.

ही दुसरी सूत्रसंचालिका आमच्याकडं आली ती पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. तिनं भगदाड पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. खिडकी आधीच फोडलेली, मग तिनं काय फोडायचं? तिच्या माणसांनी आपसांत काही बोलून घेतलं आणि मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याच्याकडून भगदाड विटा लावून बंद करून घेतलं. वरून शेणमाती लिंपली, ती सुकेपर्यंत पंखा लावला आणि मग त्या बाईनं कॅमेऱ्यासमोर ती भिंत पुन्हा फोडली. मिस्त्री दाराशी उभा राहून आपली दुपारची मेहनत पडताना पाहत होता. मला म्हणाला, बाई, मी आयुष्यात लय कामं केले, पण पाडासाठी बांधलं नव्हतं कधी. नवं भगदाड जुन्याच्या दीडपट झालं.

त्याआधी एक गोष्ट घडली. भिंत सारखी दिसावी म्हणून त्यांच्यातला एक जण चुन्याचा हात मारत रेघेपर्यंत आला. आई पुढं झाली आणि रेघेवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. काय झालं ते त्या लोकांना कळेना. मी सांगितलं, ते माप आहे, पुसू नका. ते म्हणाले, माप आमच्याकडं असतं, ओटा सगळीकडं एकाच उंचीचा करतात. आई हलली नाही. शेवटी त्यांनी रेघ सोडून बाकीची भिंत पांढरी केली.

मग त्या बाईनं आईला भगदाडाशी बसवलं आणि हात हातात घेऊन विचारू लागली, या दिवसांत घरात वातावरण कसं असतं, भीती वाटते का, तुमच्या डोळ्यांत पाणी आहे. धूळ उडालेली होती, पाणी येणारच. आईनं हात सोडवून घेतला. "मी रडून नाई राह्यली, बाई," ती म्हणाली. "माहे गुडघे दुखून राह्यले. मले ओटा पाहिजे."

ते त्यांच्या कामाचं नव्हतं. ती बाई परत आली नाही. टीव्हीवर काही महिने दिसली आणि मग तीही बदलली. त्या पावसाळ्यात दीडपट भगदाडातून दीडपट पाणी आलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं आमच्याकडं पावसात तेरावा आला. आई पोतं डोक्यावर घेऊन चुलीपाशी बसायची. बाबांनी मिस्त्रीला बोलावलं, आईनं अंगणातूनच परत पाठवलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

तिसरा आला तो भर वेचणीत. पोरगेलासा, केस उभे केलेले. त्याला मागची खोली दाखवायला मी पुढं झाले, पण तो पुढच्याच खोलीत थबकला. एवढा कापूस त्यानं कधी पाहिला नव्हता. पाहता पाहता त्यानं कॅमेरा लावायला सांगितलं आणि बुटांसकट त्या ढिगात उडी घेतली. बाबा तसे शांत माणूस. आमच्याकडं पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात, दहीभात शिंपडून पूजा केल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. त्या कापसावर बूट पाहून बाबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो घाबरून माफी मागायला लागला. पण मग माफी मागता मागता त्याच्या डोक्यात आलं की हीच खोली करायची. सैपाकघर तर सगळेच करतात.

मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढवून. पत्र दाखवलं, रेघ दाखवली, ताडपत्री दाखवली. त्यांच्यातला एक मोठा साहेब होता तो समजुतीनं म्हणाला, आम्ही पुढची करतो, मागची त्यातच येऊन जाईल. ती कशी येणार होती ते त्यालाच ठाऊक. पुढची खोली रिकामी हवी म्हणून कापूस उचलला आणि ठेवायचा कुठं, तर सैपाकघरात. कापसाशेजारी चूल पेटवता येत नाही, हे सांगायला नको. तर नऊ दिवस आमची आई अंगणात तीन दगडांवर सैपाक करत होती, तोही त्या सगळ्या टीव्हीवाल्यांचा, कारण गावात त्यांना दुसरीकडं जेवण मिळेना. घर दुरुस्त करणाऱ्या कार्यक्रमानं तिला ओटा दिला नाही तो नाहीच, होती ती चूलही घराबाहेर काढली.

बैठक जांभळी झाली. छताला लोंबता दिवा, एका कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, भिंतीत पुस्तकांसाठी फळ्या. आमच्या घरी पुस्तकं माझी कॉलेजची चार. शेवटी आईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि तिला खोली दाखवली. ती म्हणाली, चांगली हाय. मग मागं वळून पाहत म्हणाली, ओटा? तेवढं त्यांनी कापलं. दोन महिन्यांनी तो भाग लागला तेव्हा त्यात पडद्यावर अक्षरं आली की एका गृहिणीचं स्वप्न पूर्ण. गावभरच्या बाया आमच्याकडं पाहायला आल्या. आईनं सगळ्यांना चहा केला, खाली बसून, ताडपत्रीच्या उजेडात. पुढच्या दिवाळीत कापूस परत त्या जांभळ्या खोलीत शिरला आणि प्लास्टिकची झाडं गोठ्यात गेली.

आता तरी संपलं, असं मला वाटलं. कागदोपत्री आमचं घर झालेलं होतं, कोणी येणार नव्हतं. मी मिस्त्रीला घेऊन आले. आईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि काम करू दिलं नाही. तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. एवढं मी तिला आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हटलं, आई, तो येणार नाही, तो कामाला आला होता, अशी शंभर घरं त्यानं केली असतील, तुझं घर त्याला आठवतही नसेल. तू एका पेन्सिलीपायी स्वतःचे गुडघे फोडून घेत आहेस.

ती भाजी निवडत होती. निवडतच म्हणाली, "मी त्याले ओवाळलं हाय. भावानं हातात घेतलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं, तं मंग तो भाऊ कायचा?"

नणंदेशी भांडता येतं, सरकारशी भांडता येतं. चंद्राला ओवाळून ओवाळून थकलेल्या बाईशी कसं भांडणार? मी पाय आपटत वणीला निघून गेले. ती पेन्सिल तिनं सैपाकघरातल्या कोनाड्यात ठेवली होती आणि दर भाऊबीजेला तिला कुंकू लावायची. मला ते पाहवत नसे, म्हणून भाऊबीजेला मी घरी असले की बाहेर जायची.

वर्षं गेली. मी नर्सिंग केलं, लग्न केलं, महागावला लागले. जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला बसनं जायचं म्हणजे दिवस जातो, तेव्हा दिवाळी आणि होळी एवढंच माहेर उरलं. ताडपत्र्या तेवढ्या बदलत गेल्या. टीव्हीवर चौथा आला, तो गाणी म्हणायचा. मग पाचवी आली. आई प्रत्येकाला पाहायची आणि कधी नाव ठेवायची नाही. मी आले की गुडघ्यांना लावायला मलम आणायची, गोळ्या आणायची. दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांना मी ऐटीत सांगायची, मावशी, खाली बसून सैपाक करू नका.

मग एका होळीला मी घरी असताना तो रविवार आला. कार्यक्रमाला बरीच वर्षं झाली म्हणून त्यांनी जुन्या लोकांना बोलावलं होतं. पाचवी सूत्रसंचालिका सोफ्यावर बसलेली आणि तिच्यासमोर तोच, पहिला. केस पांढरे, शर्ट साधा, कान मोकळा. आई कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती, ती सरळ झाली. पाचवीनं त्याला विचारलं, एखादं घर लक्षात राहिलं का.

तो म्हणाला की यवतमाळकडं एका घरी भाऊबीजेला गेलो होतो, त्या ताईंनी मला ओवाळलं. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं, पेन्सिल दिली. माझं नंतर काम सुटलं, पण पुढं आमच्या लोकांनी ते घर पूर्ण केलं, मी स्वतः टीव्हीवर पाहिलं. "माझ्या त्या ताई आता उभं राहून सैपाक करत असतील," तो म्हणाला.

मी आईकडं पाहायचं टाळलं. इतकी वर्षं मी तिला सांगत आले होते की त्याला तू आठवत नाहीस. तेही खोटं निघालं. त्याला आठवत होती, आणि तरी काही झालं नव्हतं, हे मला जास्त झोंबलं. जाहिरात लागली. आईनं टीव्ही बंद केला, ढिगाला हात टेकून उठली आणि मला म्हणाली, "मिस्त्रीले बलाव. भाऊ टीव्हीत बोलला, तो खोटा नाई पडला पाहिजे."

मिस्त्री म्हणाला, जयंतीच्या आधी करून देतो, मग माझा हात मोकळा नाही, आमच्या विहाराचं काम आहे. मी रजा वाढवून घेतली. विटा आल्या, काळा कडप्पा आला, खिडकीची चौकट आली. इतकी वर्षं जे झालं नव्हतं ते होताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, नुसती घाई होत होती. कोणी मध्येच येईल आणि थांबा म्हणेल असं वाटत होतं. मिस्त्रीनं टेप काढला आणि आईला म्हणाला, वहिनी, जरा उभ्या राहा, कोपर दाखवा. आई म्हणाली, माप घेतलेलं हाय, ते काय रेघ. मिस्त्री माझ्याकडं वळला. म्हणाला, रेघ जुनी आहे बाई, एकदा मोजून घेऊ, मोजाले काय लागते.

आणि मी भडकले. मोजणं या शब्दाचाच मला वीट आला होता. पहिल्यानं मोजलं, दुसरीनं मोजलं, तिसऱ्यानं तर भलतीच खोली मोजली. मी म्हटलं, "काका, आता कोणाचंच मोजू नका. रेघेवर बांधा आणि मोकळे व्हा." त्यानं रेघेवर सुतळी धरली आणि काम सुरू केलं.

पाचव्या दिवशी ओटा झाला. काळाभोर, गुळगुळीत. समोर खिडकी, खिडकीतून तुरीच्या तुराट्या रचलेल्या दिसत होत्या. शेगडी वर चढवली. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. ओट्याला हळदकुंकू वाहिलं, पोळपाट ठेवला, पिठाचा गोळा घेतला आणि लाटायला हात वाकवला.

तिचा कोपर ओट्याच्या खाली गेला. लाटणं धरायला तिला खांदे वर उचलावे लागले, लहान मूल टेबलाशी उभं राहतं तशी ती दिसत होती. गुडघे आता सरळ होत नव्हते तिचे, पाठीला बाक आला होता. एवढ्या वर्षांत ती पाच-सहा बोटं तरी खाली आली होती. रोज दहा जणींचे गुडघे पाहणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मिस्त्रीला दिसलं होतं. तो दाराशी थापी पुसत उभा होता आणि जमिनीकडं पाहत होता.

मी म्हटलं, तोडू आणि परत बांधू, दोन दिवसांचं काम आहे. आई लगेच म्हणाली, नाही. भावाच्या रेघेवर झालेला आहे, त्याला घण लावायचा नाही. मग तिनं मला हातानं जवळ ओढलं, ओट्यासमोर उभं केलं आणि लाटणं माझ्या हातात दिलं. मी हात वाकवला. ओटा माझ्या कोपराखाली बरोबर चार बोटं होता.

"तुले बरोबर झाला," आई म्हणाली.

मी वर्षातून दोनदा जाते. दोन्ही वेळा सैपाक मीच करते, आणि करताना मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालते, पाचांना, त्या मोठ्या साहेबाला आणि चार पानी पत्र लिहिणाऱ्या त्या शहाण्या पोरीला. बाकीचे दिवस आई ओट्यासमोर पाट ठेवते, भाऊबीजेला त्याला बसायला मांडला होता तोच, आणि त्यावर चढून भाकरी करते. चढताना गुडघा दुखतो, म्हणून भिंतीला हात टेकते. नव्या चुन्यावर तळव्याचा डाग पडायला लागला आहे.